वही मिटून सांग



आम्ही वारज्यातून बोलतो आहोत. शेजारीच कर्वेनगर, तिथे मुलींचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज. आमच्या गल्ल्यांत गावाकडून शिकायला आलेल्या कितीतरी मुली खोल्या घेऊन राहतात. 2024-25 पासून, अटींत बसणाऱ्या आणि 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. फीचं ओझं उतरलं, पण पेपर तर मुलीलाच लिहायचा आहे.

म्हणून आज एआयबद्दल बोलू. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. चॅटजीपीटी, जेमिनी ही नावं मुलांच्या तोंडून तुम्ही ऐकली असतील. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आलं. मोबाइलवर प्रश्न टाकला की लगेच उत्तर लिहून देतं.

याचा फायदा खरा आहे. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी कॉलेजात इंग्रजी पुस्तकापुढे अडखळते. वर्गात हात वर करायची लाज वाटते. ती रात्री मोबाइलला मराठीत विचारते, “हे सोपं करून सांग.” चार वेळा विचारलं तरी कोणी हसत नाही.

पण तीच मुलगी “हे लिहून दे” म्हणाली, तर गोष्ट बदलते. असाइनमेंट सुंदर दिसते, डोक्यात मात्र काही उरत नाही. शिवाय हे यंत्र कधी कधी चुकीचं उत्तर ठामपणे देतं, नसलेल्या पुस्तकांची नावंही सांगतं.

तुर्कस्तानात सुमारे एक हजार शाळकरी मुलांवर याचा अभ्यास झाला. काहींना गणिताच्या सरावासाठी साधं एआय दिलं. सरावात त्यांचे गुण 48 टक्क्यांनी वाढले. मग एआय काढून परीक्षा घेतली, तर ज्यांना ते दिलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा या मुलांना 17 टक्के कमी गुण पडले. आणखी एका गटाला, थेट उत्तर न देता फक्त पुढची पायरी सुचवणारं एआय दिलं होतं. त्या मुलांचं परीक्षेत असं नुकसान झालं नाही. ती मुलं शाळेतली होती, पण कॉलेजच्या पेपरलाही मोबाइल बाहेरच ठेवावा लागतो.

आपल्या बचत गटातही हे दिसतं. एकच बाई कायम हिशोब लिहीत असेल, तर ती माहेरी गेली की व्याज कोणालाच काढता येत नाही. वही चोख असते, पण शिकलेली असते ती एकटीच.

मग आईनं काय करायचं? मोबाइल हिसकावून घेऊ नका. मुलीला एवढं सांगा, की आधी स्वतः सोडव, अडलीस तरच विचार, आणि विचारताना “उत्तर नको, पुढची पायरी सांग” असं म्हण. मिळालेलं उत्तर पुस्तकाशी ताडून बघ. कॉलेजनं एआय वापरायला मनाई केली असेल, तर वापरू नकोस.

आणि आठवड्यातून एकदा फोनवर म्हणा, “बाळा, या आठवड्यात काय शिकलीस? वही मिटून मला सांग.” तुम्हाला तो विषय येत नसला तरी चालेल. सांगताना ती कुठे अडखळते, ते तिचं तिलाच कळेल. अडखळली तर रागावू नका. पेपरच्या आधी कळलं, हे बरंच झालं. तेवढा धडा ती पुन्हा वाचेल.