खिशाला परवडणारा रिंजानी

कमी पैशांत परदेशातला डोंगर चढायचा, तर मलेशियातली तरुण मंडळी इंडोनेशियातलं लोम्बोक बेट गाठू शकतात. दोन्ही देश आसियानचे सदस्य, त्यामुळे 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. क्वालालंपूरहून स्वस्त विमानानं काही तासांत लोम्बोक! तिथला रिंजानी हा 3726 मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी. सेंबालुन गावाकडची वाट आधी गवताळ माळावरून जाते. शेवटच्या चढावर मात्र भुसभुशीत राखेत पाय घसरत राहतो. खाली विवरात सेगारा अनाक सरोवर दिसतं. तंबू, शिधा, पाणी हमाल बांबूच्या कावडीनं वाहतात, तेही अनेकदा साध्या चपलांवर. तेव्हा मित्रहो, तिकिटात जरूर काटकसर करा. हमालांच्या मजुरीत घासाघीस नको.