चार रविवारांचा वर्ग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, 'निवृत्तीनंतर सध्या काय करता?' तर सांगतो. कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी आणि आपल्याच शाळेचे दोन माजी विद्यार्थी मिळून दिघीत मोठ्या माणसांसाठी एक छोटा वर्ग घेतो. चार रविवार, दर वेळी दोन तास. विषय एकच, सरकार कसं चालतं.

तुम्ही म्हणाल, हे तर शाळेत झालं की! झालं खरं. इतिहासाच्या पुस्तकाला मागे जोडलेलं नागरिकशास्त्र आपण सगळ्यांनी पाठ केलं. राष्ट्रपती व्हायला वय किमान ३५ लागतं, हे आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. पण दारातलं चेंबर तुंबलं तर कुठल्या कार्यालयात जायचं, हे त्या पुस्तकात नव्हतं.

आणि आपल्या दिघीत तर हा प्रश्न जास्तच अवघड. जुन्या बॅचच्या मंडळींचा पत्ता 'मु. पो. दिघी, ता. हवेली' असा असायचा. १९९७ साली आसपासच्या गावांबरोबर दिघी पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. टपालाचा पत्ता मात्र पुणे ४११०१५. आमदार भोसरीचे, खासदार शिरूरचे. विश्रांतवाडीकडे निघालं की थोड्याच अंतरावर पुणे महापालिकेची हद्द लागते. सातबारा महसूल खात्याकडे, वीज महावितरणकडे, पीएमपीची बस दोन्ही महापालिकांच्या मिळून असलेल्या कंपनीकडे, पोलीस ठाणं २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात. आणि भोवतालची बरीचशी जमीन संरक्षण खात्याची. एवढी सरकारं एका गावात! माणूस चुकीच्या दारात उभा राहिला तर त्यात त्याचा काय दोष?

म्हणून आम्ही फळ्यावर राष्ट्रपतीपासून खाली येणारी शिडी काढत नाही. पहिल्या रविवारी प्रत्येकाने घरून एक कागद आणायचा. मिळकतकराचं बिल, वीजबिल, रेशनकार्ड, नोटीस, काहीही. तो कागद कुणी दिला, कुठल्या कायद्याने दिला आणि त्यावर तक्रार असेल तर पहिला अधिकारी कोण, एवढंच शोधायचं. मोठ्या माणसाला शिकवताना हे लक्षात ठेवावं लागतं, की त्याचा सरकारशी व्यवहार रोजचाच आहे. त्याला फक्त त्याचा नकाशा कुणी दिलेला नाही.

दुसरा रविवार पैशाचा. आपल्या वर्गात टेल्को, बजाजमध्ये आयुष्य घालवलेले लोक असतात. त्यांना जकात बरोबर आठवते. कारखान्यांत येणाऱ्या मालावरच्या जकातीने ही महापालिका श्रीमंत केली. २०१३ साली जकात जाऊन एलबीटी आला, २०१७ साली जीएसटी आला आणि महापालिकेला त्या बदल्यात राज्याकडून अनुदान मिळू लागलं. म्हणजे आपल्या गल्लीतल्या कामाचा पैसा थोडा आपल्या मिळकतकरातून आणि थोडा मुंबईहून येतो, हे त्यांना इथे पहिल्यांदा दिसतं. मग आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, ते १६ जणांच्या स्थायी समितीकडे जातं, तिथून सर्वसाधारण सभेत, हे समजायला वेळ लागत नाही.

तिसरा रविवार अर्जाचा. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला तीस दिवस. आमच्या वर्गातल्या एका ताईंनी गल्लीतल्या अर्धवट गटाराबद्दल विचारलं. वेळेत उत्तर आलं, 'सदर कामासाठी चालू वर्षी तरतूद नाही.' बाकीचे हिरमुसले. ताई म्हणाल्या, "म्हणजे मी जूनमध्ये भांडत होते, भांडायला हवं होतं अंदाजपत्रकाच्या आधी!" महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून सूचना मागवते. पुढच्या वेळी त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन सूचना दिली. गटार अजून झालेलं नाही, हे खरं सांगतो. पण आता त्या कुणाला शिव्या देत नाहीत. तारीख विचारतात.

चौथ्या रविवारी जमिनीचा विषय असतो आणि त्या दिवशी खोली पुरत नाही. दिघीच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा रेड झोन आपल्याला ऐकून माहीत आहे. ही बंधनं महापालिकेने घातलेली नाहीत. ती संरक्षण खात्याची, १९०३ च्या कायद्याखालची. म्हणजे नगरसेवकाने कितीही शब्द दिला तरी ती उठवणं त्याच्या हातात नाही. मराठवाड्यातून येऊन इथे वीस वर्षं वॉचमनची नोकरी केलेले एक काका अर्ध्या गुंठ्यासाठी विसार द्यायच्या बेतात होते. कागद फक्त नोटरीचा. आम्ही म्हटलं, "काका, आधी सातबारा, विकास आराखडा आणि रेड झोनची हद्द, या तीन गोष्टी बघा." त्यांनी बघितल्या आणि जागा सोडली. आजही ते भाड्याच्या खोलीत राहतात. पण त्यांची बचत त्यांच्या बँकेत आहे.

मोठ्यांना शिकवायची ही रीत आपली जुनीच आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेबांनी जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात येणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. डिसेंबरात ते गेले आणि ती शाळाही फार चालली नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने अभ्यासगटात बसून कायदा समजून घेतला आणि २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच.

आता मनातली गोष्ट. गाव होतं तेव्हा ग्रामसभा होती. तिथे कुणीही उभं राहून सरपंचाला जाब विचारू शकत होतं. महापालिका आली, रस्ते मोठे झाले, नळ आले, पण ते उभं राहायचं ठिकाण गेलं. २००९ साली राज्याच्या कायद्यात शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद झाली. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी अशी सभा भरलेली पाहिली आहे? हात वर करा. बघा! मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात वर्गात एकच प्रश्न यायचा, "मग आता आमचं कोण?" याचं उत्तर चार रविवारांत पूर्ण देता येत नाही. पण चौकशी कुठून सुरू करायची, हे तरी माणसाला कळतं.

म्हणून मुख्याध्यापक सर, माझी एक मागणी आहे. आमचा वर्ग सध्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरतो. रविवारी शाळेची एक खोली द्या. झाडलोट आम्ही करू. आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यात वकील आहेत, तलाठी आहेत, महापालिकेत नोकरीला असलेले आहेत. वर्षातून दोन तास द्या. भाषण नको. लोकांचे कागद वाचायला या.