बंद गल्लीतली एकवीस वर्षे : ‘ब्रुकसाइड’ मालिकेचा उदय आणि अस्त

(‘कथनसाहित्य आणि दृश्यमाध्यमे’ या विषयावरील चर्चासत्रात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



मराठी अकादमीच्या व्यासपीठावर लिव्हरपूलच्या एका दूरचित्रवाणी मालिकेविषयी बोलायचे म्हणजे काहींच्या कपाळाला आठ्या पडणार, याची मला कल्पना आहे. मालिका हा आपल्याकडे प्राध्यापकांनी चोरून पाहायचा आणि वर्गात नावे ठेवायचा प्रकार आहे. पण आज कथात्म वाङ्मयाचा सर्वांत मोठा ग्राहक कादंबरी वाचत नाही, तो रात्री साडेसातला टीव्हीसमोर बसतो. त्याला काय दिले जाते आणि कोणत्या भाषेत दिले जाते, हा साहित्याच्या अभ्यासकाचा प्रश्न नाही असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

‘ब्रुकसाइड’ मी निवडली ती एका कारणासाठी. ब्रिटनमधली ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ९ डिसेंबर १९६० रोजी सुरू झाली आणि अजून चालू आहे. ‘ईस्टएंडर्स’ १९८५ पासून चालू आहे. चालू असलेल्या गोष्टीचा विचार करणे अवघड असते. ‘ब्रुकसाइड’ला मात्र आरंभ, मध्य आणि अंत आहे. २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनल फोर ही वाहिनी सुरू झाली, त्याच रात्री मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. शेवटचा दाखवला गेला ४ नोव्हेंबर २००३ रोजी. एकवीस वर्षांत सुमारे २,९०० भाग.

आधी घरांविषयी बोलतो, कारण या मालिकेचे सगळे सौंदर्यशास्त्र त्या घरांत आहे. मालिकेचा जनक फिल रेडमंड हा लिव्हरपूलजवळच्या हायटनचा. लेखक होण्यापूर्वी तो क्वांटिटी सर्व्हेयर होता, म्हणजे बांधकामाला किती विटा, किती सिमेंट, किती खर्च याचा हिशेब करणारा माणूस. (आपल्या लेखकांपैकी किती जणांना विटांचा भाव माहीत असेल?) शाळकरी मुलांवरची ‘ग्रेंज हिल’ ही त्याची मालिका बीबीसीवर १९७८ पासून गाजत होती. नव्या मालिकेसाठी त्याने स्टुडिओत पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्या नाहीत. लिव्हरपूलच्या वेस्ट डर्बी भागात नव्याने बांधल्या जाणाऱ्या वसाहतीतली तेरा खरी घरे त्याच्या मर्सी टेलिव्हिजन या कंपनीने विकत घेतली. सहा घरे पडद्यावर दिसणार. उरलेल्यांत कचेरी, संकलन, खानावळ. इंग्रजीत अशा एका टोकाने बंद असलेल्या गल्लीला ‘क्लोज’ म्हणतात, म्हणून ‘ब्रुकसाइड क्लोज’.

याचा परिणाम काय झाला? नेपथ्यातल्या खोलीला तीन भिंती असतात, चौथीच्या जागी कॅमेरे. इथे चार भिंती होत्या आणि वर छत होते. एकच हलका कॅमेरा, तो दारातून, जिन्यावरून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघणार. पात्रे एकमेकांना घासून जाणार, कारण खोलीच तेवढी. घर लहान असले की भांडण कसे होते, हे आपल्याला मुद्दाम सांगायला नको. नळाला खरे पाणी होते, बाहेर पाऊस पडला तर तो लिव्हरपूलचा पाऊस होता.

आता त्या गल्लीत राहायला कोण आले ते पाहा. १९८१ च्या जुलैत लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागात मोठी दंगल झाली होती. गोदी ओस पडत होती, बेकारीने शहर पोखरले होते. अशा वेळी ग्रँट कुटुंब नगरपालिकेच्या भाड्याच्या घरातून निघून या गल्लीत स्वतःचे घर घेते : बापाचे नाव बॉबी, कट्टर कामगारनेता, आई शीला, मुले बॅरी, कॅरन, डेमन. समोर कॉलिन्स कुटुंब. बड्या पगाराची नोकरी गेल्यामुळे मोठे घर विकून इथे आलेले. एक कुटुंब वर चढताना आणि एक खाली उतरताना एकाच गल्लीत भेटतात. थॅचरबाईंच्या राज्यात ‘स्वतःचे घर’ हा नव्या समाजाचा मंत्र होता, आणि त्या मंत्राची दोन्ही टोके रेडमंडने समोरासमोर ठेवली. कथानकाची अशी मांडणी सुचणे हे चांगल्या कादंबरीकाराचे काम आहे.

बॉबी ग्रँटची भूमिका रिकी टॉमलिन्सनने केली. हा माणूस मुळात गिलावा करणारा कारागीर. १९७२ च्या बांधकाम कामगारांच्या संपातल्या निदर्शनांबद्दल त्याला १९७३ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली होती आणि त्याने तुरुंगवास भोगला होता. ती शिक्षा चुकीची होती, असे अपील न्यायालयाने म्हटले ते २०२१ साली. म्हणजे पडद्यावर जो माणूस संपाविषयी बोलत होता, त्याने संपाची किंमत मोजलेली होती. त्याच्या तोंडी घालायचे संवाद जिमी मॅकगव्हर्नसारखा लेखक लिहीत होता. पुढे ‘क्रॅकर’ आणि ‘हिल्सबरो’ लिहिणारा मॅकगव्हर्न १९८२ पासून १९८९ पर्यंत या मालिकेच्या लेखकांच्या ताफ्यात होता. मालिका ही लेखकाची अधोगती आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तो तिथे शिकला.

आणि भाषा. लिव्हरपूलच्या बोलीला ‘स्काउस’ म्हणतात. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ती तोवर बहुधा हसण्यासाठी यायची. या मालिकेत ती रागावण्यासाठी, रडण्यासाठी, हिशेब करण्यासाठी, प्रार्थनेसाठी आली. एक साधे उदाहरण देतो. उत्तर इंग्लंडमध्ये घरच्या माणसाच्या नावाआधी ‘आवर’ लावतात : ‘आवर डेमन’, ‘आवर बॅरी’. म्हणजे ‘आमचा डेमन’. आपल्याकडे कोकणातली आई ‘आमचो बाबलो’ म्हणते ना, तेच. लंडनच्या प्रमाण इंग्रजीत हा ‘आमचा’ नाही. तो गेला की नाव उरते, नाते जाते. सुरुवातीच्या भागांतल्या शिव्यांवर तक्रारी झाल्या, प्रेक्षक गळाले आणि भाषा मवाळ करावी लागली. ती तडजोड मला क्षम्य वाटते, कारण शिव्या काढल्या तरी बोली ठेवली.

ऐंशीच्या दशकातले या मालिकेचे विषय आज वाचले तरी दचकायला होते. बेकार तरुणांसाठीच्या सरकारी प्रशिक्षण योजनेत डेमन मनापासून राबतो आणि शेवटी त्याला नोकरी मिळत नाही. यात स्फोट नाही, खून नाही. एका पोराचा चेहरा तेवढा आहे. कॉलिन्सांचा मुलगा गॉर्डन १९८५ मध्ये समलिंगी असल्याचे उघड होते. ब्रिटिश मालिकेत असे पात्र प्रथमच आले. १९८६ मध्ये शीला ग्रँटवर बलात्कार होतो. मालिकेने त्यानंतर त्या घरात महिनोन् महिने काय घडते तेही दाखवले : नवरा काय बोलतो, काय बोलू शकत नाही, आणि ते लग्न कसे आतून खचते. दूरचित्रवाणीच्या लांबीचा असा उपयोग दुसरे कोणतेही माध्यम करू शकणार नाही. अडीच तासांच्या चित्रपटाला परिणामासाठी घाई करावी लागते. आठवड्याला दोन भाग असलेल्या मालिकेला घाई नसते.

हा ‘आठवड्याला दोन’ आकडा लक्षात ठेवा. १९९० मध्ये तो तीन झाला. तुलनेसाठी सांगतो : आपली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ अशी सुमारे अकरा वर्षे चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. ‘ब्रुकसाइड’ला जवळपास तेवढ्याच भागांना एकवीस वर्षे लागली. आपल्या मालिका वाईट का, असे विद्यार्थी मला विचारतात तेव्हा मी आधी हा भागाकार करायला सांगतो. रोज एक भाग लिहिणाऱ्याला विचार करायला रविवारसुद्धा मिळत नाही.

आता अस्ताकडे येतो. लोकप्रिय स्पष्टीकरण असे की २००० साली चॅनल फोरवर ‘बिग ब्रदर’ आले आणि खऱ्या माणसांच्या खेळापुढे कल्पित माणसे हरली. मला हे पटत नाही. दुखणे जुने होते. चॅनल फोर सुरू झाली तेव्हा तिच्या जाहिराती आयटीव्हीच्या कंपन्या विकत आणि तिचा खर्चही त्याच भागवत. वाहिनीवर कायद्याने जबाबदारी होती ती वेगळे, धाडसी, अल्पसंख्य प्रेक्षकांसाठीचे कार्यक्रम करण्याची. १ जानेवारी १९९३ पासून वाहिनी आपल्या जाहिराती स्वतः विकू लागली. मग किती लोक बघतात हा प्रश्न थेट पैशाचा झाला.

योगायोग म्हणा किंवा काही, त्याच वर्षी मालिकेचे सर्वांत गाजलेले कथानक सुरू झाले. बायको-मुलींचा छळ करणारा ट्रेव्हर जॉर्डाश. बायको मँडी आणि मुलगी बेथ त्याला मारतात आणि मागच्या अंगणातल्या फरसबंदीखाली पुरतात. प्रेत सापडते ते १९९५ च्या जानेवारीत. दीडपावणेदोन वर्षे सारा देश त्या फरश्यांकडे बघत होता. याला सवंगपणा म्हणायला मी तयार नाही. किरणजीत अहलुवालिया या पंजाबी स्त्रीने छळणाऱ्या नवऱ्याला जाळल्याचा खटला तेव्हा ब्रिटनमध्ये ताजा होता. १९८९ ची तिची खुनाची शिक्षा १९९२ मध्ये अपिलात रद्द झाली होती. छळ सोसणाऱ्या स्त्रीच्या हातून घडलेल्या हत्येला कायद्याने काय म्हणावे, हा वाद न्यायालयांत आणि रस्त्यावर चालू होता. मालिकेने तो वाद घराघरांत नेला. १९९४ च्या जानेवारीत याच बेथने मार्गारेट या मैत्रिणीचे चुंबन घेतले. मुले जागी असण्याच्या वेळेत ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखवलेले दोन स्त्रियांचे ते पहिले चुंबन. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनसोहळ्यात डॅनी बॉइलने त्याची झलक दाखवली.

गोची अशी की हे यश मालिकेला पचले नाही. जॉर्डाश कथानकातून निर्मात्यांनी जो धडा घ्यायला हवा होता तो असा, की प्रेक्षक दोन वर्षे वाट पाहायला तयार असतो. त्यांनी धडा घेतला तो असा, की प्रेत लागते. बेथला तुरुंगातच हृदयविकाराने मारून टाकले. ज्या स्त्रीच्या न्यायासाठी एवढे रामायण केले तिला न्यायापूर्वीच संपवले. धर्मवेड्या पंथाचा वेढा आला, गूढ विषाणू आला, १९९६ मध्ये सख्ख्या भावाबहिणीचे शरीरसंबंध आले, स्फोट आले. यांतला एकही विषय मुळात वर्ज्य नव्हता. पण अशा प्रत्येक घटनेनंतर माणसांना जो काळ लागतो, तो आता कोणाला मिळत नव्हता. एका घरातली राख निवायच्या आत शेजारच्या घराला आग. सहा घरांच्या गल्लीत एवढे खून होऊ लागले की तिथे घर घ्यायला कोणी येईलच कशाला, असा प्रश्न प्रेक्षकाला पडला. खऱ्या विटांची घरे खोटी वाटू लागली.

दरम्यान पात्रे काय काम करतात, हेही दिसेनासे झाले. पहिल्या वर्षांत बॉबीचा कारखाना, बिली कॉर्कहिल या वीजतंत्र्याचे कर्ज, डेमनची नोकरी हेच कथानक असे. नंतर उपजीविका ही दोन संकटांच्या मधली रिकामी जागा झाली. माझ्या मते मालिका मेली ती इथे. वाहिनीने नंतर मृत्यूची नोंद केली एवढेच. आणखी एक बाजू नोंदवली पाहिजे. सामाजिक वास्तवाची जी वाट ‘ब्रुकसाइड’ने पाडली त्या वाटेवर १९८५ पासून बीबीसीसारख्या धनाढ्य संस्थेची ‘ईस्टएंडर्स’ चालू लागली, आणि २००१ मध्ये तिचे आठवड्याला चार भाग झाले. पाडलेल्या वाटेवर मागून मोटार आली की पायी चालणारा कडेला जातो.

२००२ च्या अखेरीस मालिका मुख्य वेळेतून काढून शनिवारी दुपारी ढकलली. मग रात्री उशिरा. शेवटच्या भागात रहिवासी एका अमली पदार्थ विकणाऱ्याला खिडकीतून फासावर लटकवतात, आणि गल्लीतला सर्वांत जुना रहिवासी जिमी कॉर्कहिल गल्लीच्या पाटीवरच्या ‘क्लोज’पुढे ‘डी’ हे अक्षर रंगवतो : ब्रुकसाइड ‘क्लोज्ड’. एकवीस वर्षांच्या मालिकेने निरोप घ्यावा तर असा, शाब्दिक कोटी करून! लिव्हरपूलकराच्या स्वभावाला ते धरून आहे, हे मात्र खरे.

आपल्याकडचे एक उदाहरण द्यायचा मोह होतो. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या खऱ्या वाड्यात ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका चित्रित झाली आणि मालवणी वळणाची भाषा रोज रात्री महाराष्ट्रभर ऐकू आली. आकेरी इथून किती लांब? तरी ती मालिका भुतांची होती. त्या वाड्यातल्या माणसांचे आंबा-काजूचे उत्पन्न किती, मुंबईला गेलेल्या भावाने हिस्सा मागितला तर काय, पोरांना कामासाठी गोव्यात का यावे लागते, यावर आठवड्याला दोन भाग, दहा वर्षे, असे कोणी लिहिले तर? बेळगाव-खानापूरच्या मराठीत कन्नड शब्द जसे सहज येतात तसे ते संवादात येऊ दिले तर? विद्यार्थ्यांपैकी कोणाला संशोधनासाठी विषय हवा असेल तर मालिकांमधील बोली आणि पात्रांचा व्यवसाय यांचा संबंध तपासावा. कोणत्या पात्राला बोली दिली जाते, मालकाला की नोकराला, एवढे मोजले तरी हाती बरेच लागेल.

ब्रिटनमध्ये २०२३ पासून ‘ब्रुकसाइड’चे जुने भाग पहिल्यापासून पुन्हा ऑनलाइन दाखवले जाऊ लागले. मालिका बंद झाल्यावर ती घरे काही वर्षे रिकामी पडून होती. नंतर ती विकली गेली, आणि आता तिथे लोक राहतात. कॅमेरे नाहीत.  प्रश्न असतील तर घेऊ या.