‘कधीही फोन कर’ म्हणण्याआधी

(खारघर येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणातून)

मघाशी गटचर्चेत एकीने विचारलं, “आपण तिची मैत्रीण की कार्यकर्ती?” समाजकार्याच्या अभ्यासात आम्हाला शिकवलं, अंतर राखा. पण त्या शिकवण्यामागे टेबल-खुर्चीचं केंद्र गृहीत होतं. तुमच्यापैकी बहुतेकींकडे ते नाही. बेलपाडा, कोपरा गावांत किंवा सेक्टरांतल्या सोसायट्यांत तुम्ही जिला आधार देता ती तुमच्याच जिन्यावर राहते, तुमच्याच भिशीत असते. तिचा नवरा लिफ्टमध्ये भेटतो आणि “काय वहिनी, बरंय ना?” म्हणतो. तिथे अंतर आणायचं कुठून?

माझी एक चूक सांगते. कामाच्या सुरुवातीच्या काळात माझ्याहून लहान अशा एकीला मी म्हटलं, “कधीही फोन कर, मी आहे.” अगदी मनापासून म्हटलं. ती रात्री अकराला, एकला फोन करायची, मी घ्यायचे. दोन-तीन महिन्यांत मी थकले, घरात कुरबुरी सुरू झाल्या. तिला मात्र काही बोलले नाही. त्रासातल्या बाईला नाही कसं म्हणायचं? मग एका रात्री फोन बंद करून झोपले. नेमकं त्याच रात्री नवऱ्याने तिला बाहेर काढलं. लेकराला मांडीवर घेऊन ती पहाटेपर्यंत जिन्यात बसली. दुसऱ्या दिवशी आली. रागावली नाही. म्हणाली, “ताई, रात्री जमणार नाही असं आधी सांगितलं असतं, तर मावशीला सांगून ठेवलं असतं. तुमच्या भरवशावर तिला नको म्हटलं मी.”

मर्यादा हा शब्द आपल्याला आवडत नाही, साहजिक आहे. जन्मभर तो आपल्यालाच ऐकवला गेलाय. पण माझ्याकडून काय होईल आणि काय होणार नाही, हे आधी कळणं हा तिचा हक्क होता. मी ते लपवलं, म्हणजे तिच्या आयुष्यातला एक निर्णय तिला न विचारता घेतला. नवरा तरी दुसरं काय करत होता?

१९८०मध्ये मथुरा प्रकरणावरून आपल्या संघटना रस्त्यावर आल्या, तेव्हा निवाऱ्याच्या सोयी फारशा नव्हत्या. कार्यकर्त्या बायकांना स्वतःच्या घरी नेत. त्यांना मी नावं ठेवणार नाही, दुसरा मार्गच नव्हता. १९८४मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसली, पण पोलीस झाली नाही. आपली जागा ओळखून काम कसं करावं, ते तिथे बघावं. पुढे २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आला. कलम १७ने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. घटनेचा अहवाल तयार करणं, निवारा मिळवून देणं ही संरक्षण अधिकाऱ्याची जबाबदारी झाली. ते अधिकारी एका खेपेत भेटतात असं नाही, म्हणून तिच्यासोबत जा. पण त्यांचं काम आपल्या ओट्यावर आणू नका.

आता पहिल्या भेटीत मी म्हणते, “मी रात्री नऊपर्यंत फोन घेते. नंतर ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे. आणि अर्ध्या रात्री निघावं लागलं तर तू कुणाकडे जाशील, ते आज ठरवू.” आणखी एक विचारते, “बाजारात भेटलीस तर ओळख दाखवू का?” खारघरात हे विचारावंच लागतं. काहीजणी नको म्हणतात, तर मी भाजी निवडत राहते.

पैशांचं विचारलंत. गटाच्या निधीतून, गटाला विचारून द्यावेत. स्वतःचे उसने देऊ नयेत. उधारी झाली की ती भेटायची टाळते. रिक्षाभाडं मी कितीदा तरी दिलंय, खोटं कशाला बोलू.

आता दोघी-दोघी समोरासमोर बसा. एकीने रात्रीचा फोन नंबर मागायचा, दुसरीने नाही म्हणायचं आणि लगेच पुढचा रस्ता सांगायचा. मग जागा बदला.