मुलींच्या पाळीपूर्व त्रासात तोलाच्या व्यायामांचे साह्य



घरातील मुलगी वयात येते तेव्हा तिच्या अभ्यासाची आणि आहाराची चर्चा सर्वजण करतात. परंतु पाळी येण्यापूर्वीच्या आठवड्याविषयी कोणी बोलत नाही. या दिवसांत अनेक मुलींचे पोट फुगते, कंबर दुखते, डोके जड होते, चिडचिड वाढते व उगाचच रडू येते. ‘नाटके करते’, ‘आळशी झाली आहे’ असे शेरे मग तिच्या वाट्यास येतात. दहावीच्या वर्षात तर मैदान सोडण्याचा सल्लाही दिला जातो.

हा त्रास काल्पनिक नव्हे. १९३१ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये इंग्लंडच्या डॉ. कॅथरिना डाल्टन व डॉ. रेमंड ग्रीन यांनी ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ ही संज्ञा मांडली. बीजविमोचनानंतर शरीरात वाढलेले प्रोजेस्टेरॉन पाळीच्या तोंडावर झपाट्याने उतरते. या चढउतारास काहींचा मेंदू अधिक संवेदनशील असतो. पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्रास ओसरतो, ही त्याची खूण होय.

शरीराचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांतील संवेदना यांच्या मेळाने राखला जातो. स्वीडनमधील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाळीपूर्व त्रास असणाऱ्या स्त्रिया उभ्या असताना अधिक डोलतात, असे आढळले. म्हणजे त्या दिवसांत पाय अडखळला तर तो केवळ निष्काळजीपणा मानू नये. तोल हा सरावाने सुधारणारा गुण आहे आणि येथेच फिजिओथेरपीचे साह्य होते.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. भिंतीजवळ पाय जुळवून ताठ उभे राहावे. नंतर एका पायावर दहा ते तीस सेकंद थांबावे व पाय बदलावा. टाचेस पंजा लावून सरळ रेषेत चालावे. हे जमू लागल्यावर घडी घातलेल्या सतरंजीवर उभे राहावे. श्वास संथ असावा. जोडीला पोट व कंबरेच्या स्नायूंचे सौम्य व्यायाम आणि भरभर चालणे असावे. पंधरा-वीस मिनिटांचा हा क्रम आठवड्यातून तीन-चार दिवस, महिनाभर चालू ठेवावा. केवळ त्रासाच्या दिवसांत केल्यास सराव होत नाही. कायोत्सर्गात स्थिर उभे राहण्याचा संस्कार असलेल्या घरांत हा व्यायाम परका वाटणार नाही.

मात्र हा पूरक उपाय आहे, औषधांना सरसकट पर्याय नव्हे. चक्कर येत असल्यास किंवा उपवासामुळे अशक्तपणा असल्यास त्या दिवशी एका पायावर उभे राहू नये. वारंवार थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. तीव्र नैराश्य आले किंवा जगण्याविषयी निराशेचे उद्गार ऐकू आले, तर लाज वा संकोच न बाळगता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहिला जातो, तसा मुलीने आपल्या वहीत दोन महिने रोजचा त्रास व पाळीच्या तारखा लिहाव्यात. त्या नोंदींवरून डॉक्टरांना निदान करता येते आणि मुलीलाही आपले दिवस ओळखता येतात. ही वही तिची आहे. ती तिच्या परवानगीनेच उघडावी.

संस्थेने आठवड्यातून एक तास तज्ज्ञ भगिनीच्या देखरेखीखाली मुलींसाठी असा वर्ग चालविल्यास सुवर्णमहोत्सवाचे ते उपयुक्त स्मारक ठरेल. त्यापूर्वी प्रत्येक घरात एवढे तरी व्हावे, की मुलीने ‘आज बरे वाटत नाही’ म्हटल्यावर तिला शेरा मिळू नये. आईने शेजारी बसून तिची विचारपूस करावी आणि वडिलांनी व भावांनी तो विषय हसण्यावारी नेऊ नये.