क्ष-किरणांचे आकाश आणि शिवारातील पेटी

(माथेरान येथील युवक अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आज सकाळी दस्तुरीपासून आपण पायी वर आलात. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे माथेरान. येथील हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ. पण ताऱ्यांकडून येणाऱ्या क्ष-किरणांचा वेध घेऊ पाहणाऱ्याला माथेरान काय आणि एव्हरेस्ट काय, दोन्ही सारखीच निरुपयोगी! आपल्या डोक्यावरील वातावरण म्हणजे जणू १० मीटर जाडीचा पाण्याचा थर. क्ष-किरण त्यातच शोषले जातात. आपल्या जीविताला हे उपकारकच आहे. वेधाला मात्र अडसर.

१९६२ साली रिकार्डो जियाकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाणावर उपकरण ठेवून वृश्चिक राशीत सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरणस्रोत शोधला. पण अग्निबाण मोजक्या मिनिटांत खाली येतो. फुगा ४० किलोमीटरवर तासन्‌तास तरंगतो. तेथे हवेचे हजारात जेमतेम तीन भाग डोक्यावर उरतात, आणि अधिक ऊर्जेचे क्ष-किरण तेथवर पोहोचू शकतात.

डॉ. होमी भाभांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी फुगे सोडण्याची परंपरा होतीच. १९६८ साली संस्थेने हैदराबादहून क्ष-किरण वेधांसाठी फुगा सोडला. हैदराबादच का? भूचुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ असल्याने विश्वकिरणांतील पुष्कळसे कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे परतवले जातात व उपकरणातील गोंगाट कमी होतो. मात्र निसर्ग एका हाताने देतो नि दुसऱ्याने परीक्षा घेतो. उष्ण कटिबंधात १७ किलोमीटरच्या आसपास तापमान उणे ८० अंशांपर्यंत उतरते. युरोप-अमेरिकेच्या आकाशात त्या थरात सहसा एवढी थंडी नसते. पॉलिथिनचा तलम पापुद्रा तेथे ठिसूळ होऊन फाटतो. ती थंडी सोसणारे फुगे हैदराबादेतच तयार करण्याची सोय संस्थेने उभी केली.

झेनॉन वायूने भरलेले शोधक आधी फुग्यांवरच उडवून पारखले गेले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावर संस्थेने घडविलेले झेनॉनचे मोठे शोधक बसविले, त्यामागे ही उमेदवारी होती.

आता आपल्या दाराशी येऊ. ५० ते ८५ मीटर व्यासाचा, हायड्रोजनने भरलेला हा फुगा वाऱ्याबरोबर दूर जातो. वेध संपले की उपकरणांची पेटी रंगीत हवाई छत्रीने खाली उतरते, कधी हैदराबादपासून २००-३०० किलोमीटरवर. म्हणून उड्डाणापूर्वीच्या जाहीर सूचनांत सोलापूर, लातूर, नांदेड यांचीही नावे असतात. कल्पना करा, पहाटे शिवारात गेलेल्या शेतकऱ्यापुढे अशी पेटी पडलेली आहे. कुतूहल वाटणारच, भीतीही. पण तिच्यातील काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असू शकते, आणि जे घडवायला वर्षे लागली ते पुन्हा उडवायचे असते. पेटीवर पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो. ती न उघडता, न हलवता जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे, एवढेच त्या शेतकऱ्याकडे मागणे असते. आपल्यापैकी जे मराठवाड्यातून आले आहेत, त्यांनी गावी गेल्यावर हे चावडीवर जरूर सांगावे.