मेश्राम हे आडनाव : कूळ, जात आणि कायदा

(नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत वकिली करीत असता नवदीक्षित कुटुंबांकडून दोन प्रश्न मला वारंवार विचारले जातात. पहिला असा की, 'धम्म स्वीकारला, आता जुने आडनाव टाकून द्यावे काय?' दुसरा याच्या अगदी उलट टोकाचा. 'आमचे आडनाव आणि शेजारच्या गोंडाचे आडनाव एकच आहे. मग आम्हांला अनुसूचित जमातीचा दाखला का मिळू नये?' पहिल्या प्रश्नाच्या मुळाशी बहुधा भीती असते, दुसऱ्याच्या मुळाशी मोह असतो. दोहोंचे उत्तर मात्र एकच आहे, आणि ते एका आडनावाच्या आधारे मी आपणांपुढे मांडणार आहे. ते आडनाव म्हणजे मेश्राम.

हे आडनाव आढळते कोठे, ते प्रथम पाहू. खानेसुमारीत धर्म मोजला जातो, भाषा मोजली जाते. आडनावांचे कोष्टक मात्र सरकार प्रसिद्ध करीत नाही. तेव्हा मतदारयाद्या आणि शाळांचे पट हेच आपले साधन. ते चाळले म्हणजे दिसते की, वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, मेश्राम हे नाव दाट पसरलेले आहे. सीमा ओलांडून बालाघाट, शिवनी, छिंदवाडा आणि राजनांदगावकडे गेलो तरी ते आपली सोबत सोडीत नाही. याचे कारण उघड आहे. हा सारा मुलूख एका काळी एकाच प्रांतात होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आणि १६ ऑक्टोबर रोजी चांद्यास बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा ही दोन्ही शहरे मध्यप्रदेशात होती. विदर्भ मुंबई राज्यात आला तो त्यानंतर, १ नोव्हेंबर १९५६ रोजी. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. राज्यांच्या व जिल्ह्यांच्या रेषा हलल्या. कुळे जेथल्या तेथे राहिली.

आता दुसरी बाजू पाहा. आमच्या राजुरा तालुक्याच्या पलीकडे, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, केसलापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची मोठी जत्रा भरते. त्या पूजेचा मान राजगोंडांतील मेस्राम कुळाचा आहे. या कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात आणि त्यानंतरच पूजा होते. गोंडांतले हे मेस्राम आणि विदर्भातल्या गोंडांतले मेश्राम यांच्या नावांत फरक आहे तो केवळ उच्चाराचा व लेखणीचा. म्हणजे हे एक नाव दोन समाजांत नांदते आहे. एक समाज कालपर्यंत महार म्हणविला जात होता व आज बौद्ध आहे. दुसरा गोंड आहे.

मग या नावाचा अर्थ काय? गोंडांत कुळांची वाटणी देवांच्या संख्येवरून होते. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्यांच्या देवांची संख्या एक, त्यांची आपसांत सोयरीक होत नाही. तेव्हा गोंडाच्या घरी कुळाचे नाव हे मुख्यतः लग्नसंबंधाचा नियम सांगण्यासाठी आहे. आपल्या पूर्वजांतही कुळी होत्या आणि एकाच कुळीत लग्न होत नसे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात महारांच्या कुळींची नावे झाडे, प्राणी आणि निसर्गातील वस्तू यांवरून पडल्याची नोंद आहे. आपल्या भोवतालची आडनावे पाहिली तरी ते पटते. जांभुळकर या नावात जांभूळ आहे, डोंगरे या नावात डोंगर आहे, आणि रामटेके हे नाव रामटेक गावाची आठवण देते.

मेश्राम या नावाची फोड 'मेष' म्हणजे मेंढा अशी करणारे पुष्कळ भेटतात. नागोबाचा मान मेस्रामांकडे आहे, तेव्हा सर्व मेश्राम नागवंशी, असे म्हणणारेही भेटतात. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांचा उल्लेख केला, त्यामुळे या दुसऱ्या म्हणण्याला आपल्या मनात ओलावा असणे स्वाभाविक आहे. परंतु दोन शब्दांचा ध्वनी जुळणे हा पुरावा नव्हे. बुद्धाने तर सांगितले आहे की, केवळ ऐकीव म्हणून कोणतीही गोष्ट मान्य करू नका. एका जंगलात, एका नदीकाठी, शतकानुशतके शेजारी राहिलेल्या दोन समाजांत एक नाव असणे यात नवल काही नाही. गेडाम हे आडनावही असेच दोन्हीकडे आढळते. पवार आणि जाधव ही आडनावे मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत आणि बौद्धांतही आहेत. तेवढ्यावरून हे तिघे एक जात ठरत नाहीत.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आपण ज्याला आज जुने आडनाव म्हणतो, ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या सरकारी नोंदीत पुष्कळदा सापडतच नाही. जुन्या मध्यप्रांतातील कोतवाल बुक उघडा. 'अमुक वल्द अमुक, महार' एवढीच ओळ दिसेल. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आणि जेथे आडनाव असावयाचे तेथे जात. घरात कुळी माहीत होती, सोयरीक जुळविताना ती सांगितली जात होती. परंतु सरकारच्या दप्तराला तिची गरज वाटली नाही. मुले शाळेत जाऊ लागली, दाखल-खारीज रजिस्टरात नावे चढू लागली, तेव्हा कोठे मेश्राम, खोब्रागडे, रामटेके ही अक्षरे कागदावर आली. जातीच्या जागी आडनाव बसले, हा आपल्या मुक्तीच्या इतिहासातील एक छोटा परंतु खरा विजय आहे. तो शरमेने पुसून टाकण्याजोगा नाही.

आता कायद्याकडे वळू. अनुसूचित जातींचा आदेश निघाला १० ऑगस्ट १९५० रोजी आणि अनुसूचित जमातींचा ६ सप्टेंबर १९५० रोजी. या दोन याद्यांत जाती व जमाती आहेत, आडनावे नाहीत. जातींच्या आदेशात धर्माची अट होती. आरंभी हिंदू, १९५६ साली त्यांत शीख आले, आणि बौद्धांचा समावेश झाला तो १९९० साली. महाराष्ट्र सरकारने १९६० साली आपल्यापुरत्या सवलती दिल्या होत्या. परंतु केंद्राच्या दारात बौद्धाला चौतीस वर्षे उभे राहावे लागले. या चौतीस वर्षांत कित्येक बापांनी मनात बुद्ध धरला आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' लिहून दिले. त्यांना दोष देऊ नका. त्यांनी मुलाची भाकरी वाचविली. परंतु आज ते कारण उरलेले नाही. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. जमातींच्या आदेशात तर धर्माची अट मुळातच नाही. गोंड कुटुंबाने धम्म स्वीकारला तरी कायद्याने ते गोंडच राहते.

दाखला मागावयास जाल तेव्हा पडताळणी समितीपुढे आडनावाला स्वतंत्र असे वजन नसते. समित्यांची ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात १९९४ साली घालून दिली, आणि महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र अधिनियमाने तिला कायद्याचे रूप दिले. पुढे मिलिंद प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, यादी जशी आहे तशीच वाचावी. हलबा-कोष्टी या नावात 'हलबा' हा शब्द आहे म्हणून कोष्टी हलबा जमातीत मोडत नाही. २०२३ साली ठाकूर जमातीच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, चालीरीतींचे साम्य पाहण्याची कसोटी ही प्रत्येक वेळी निर्णायक मानता येणार नाही. संविधानापूर्वीच्या कागदांना मोठे मोल आहे. ठाकूर हे नाव किती निरनिराळ्या जातींत आडनाव म्हणून चालते, हे आपण जाणताच. सारांश, शब्द जुळून भागत नाही, कागद जुळावा लागतो.

म्हणून ज्या मेश्राम बंधूंना कोणी दलाल सांगतो की, 'तुमचे आडनाव गोंडांत आहे, मी तुम्हांला जमातीचा दाखला काढून देतो,' त्यांना मी हात जोडून सांगतो, त्या वाटेस जाऊ नका. खोटा दाखला घेणाऱ्यास त्या अधिनियमाच्या कलम ११ खाली सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा दोन हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, दाखला खोटा ठरल्यावर त्याच्या बळावर मिळविलेली नोकरी राखता येत नाही. किती वर्षे चाकरी झाली हा बचाव चालत नाही. परंतु शिक्षेहून मोठी गोष्ट शीलाची आहे. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे गडचिरोली जिल्ह्यात दर शंभरांत सुमारे एकोणचाळीस माणसे अनुसूचित जमातींची आहेत. त्यांच्या वाट्याची जागा नावाच्या साम्यावर उचलणे म्हणजे न दिलेले घेणे होय. पंचशील रोज म्हणणाऱ्याने दुसरे शील कार्यालयाच्या पायरीवर ठेवून आत जाऊ नये.

राहिला पहिला प्रश्न, आडनाव बदलावे काय? बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत आडनाव बदलण्याची आज्ञा नाही. त्यांचे स्वतःचे घराणे सकपाळांचे. आंबडवे या मूळ गावावरून पडलेले आडनाव पुढे आंबेडकर झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले ते याच आडनावाने, आणि दीक्षेनंतरही त्यांनी ते पालटले नाही. त्यांनी धर्म बदलला, आडनाव नव्हे. आमच्या चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे राज्यसभेचे उपसभापती झाले ते खोब्रागडे म्हणूनच. बौद्ध देशांकडे पाहा. बाबासाहेब १९५४ साली ज्या ब्रह्मदेशातील परिषदेस गेले, तेथील बहुतेक बौद्धांना आडनावच नसते. सयाममध्ये आडनावाची सक्ती झाली ती १९१३ सालच्या कायद्याने. आडनावावाचून धम्म शतकानुशतके चालला आहे, आणि आडनावासहही चालतो आहे.

याचा अर्थ आडनाव बदलण्यास बंदी आहे असा मुळीच नाही. नाव हे व्यक्तीच्या अभिव्यक्तीचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली जिग्या यादव प्रकरणात मान्य केले आहे. ज्याला जातीची शिवी म्हणून मिळालेले नाव टाकावयाचे असेल, त्याने ते खुशाल टाकावे. परंतु राजपत्रात प्रसिद्ध करून टाकावे, त्या राजपत्राची प्रत जन्मभर जपून ठेवावी, आणि मुलांच्या शाळेत दोन निरनिराळी नावे चढू देऊ नयेत. केवळ जात झाकण्यासाठी आडनाव बदलणाऱ्याला मात्र मी विचारीन, आपण कोणापासून लपता? लपावयाचे असेल तर ज्याने अस्पृश्यता पाळली त्याने लपावे.

आता घरी गेल्यावर करावयाचे काम सांगतो. आजोबांचे कोतवाल बुकातील जन्ममृत्यूचे उतारे, वडिलांचा दाखल-खारीज उतारा आणि जमिनीचे अधिकार अभिलेख एका पिशवीत जमवा. ज्यांचे गाव राजुरा भागात आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, १९५६ पूर्वी तो तालुका निजामाच्या मुलखातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. जुने कागद तिकडे, आणि उर्दूत, असू शकतात. प्रत्येक कागदावर मेश्राम एकाच पद्धतीने लिहिले आहे काय ते पाहा. कोठे मेसराम, कोठे मेश्राम असेल तर शपथपत्र आजच करून ठेवा. सुनेचा दाखला तिच्या माहेरच्या कागदांवरून निघतो, सासरच्या आडनावावरून नव्हे. तेव्हा मुलीला सासरी धाडताना भांड्यांबरोबर तिचे कागदही द्या. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकाच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नाव आवश्यक केले आहे. बालकाचे नाव, आईचे नाव, बापाचे नाव आणि मग आडनाव. ज्या दप्तरात एके काळी बापाच्या नावापुढे जात लिहीत, त्याच दप्तरात आज बापाच्या आधी आई आली आहे. ही नोंद न चुकता करून घ्या.

पुढील खानेसुमारीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला असून तीत जातही विचारण्याचा निर्णय झालेला आहे. गणना करणारा दारात येईल तेव्हा धर्म आणि जात हे दोन रकाने वेगळे आहेत, हे विसरू नका. जातीचा रकाना आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद आहे. ती नुकसानभरपाईच्या हिशेबासाठी आहे. धर्माचा रकाना आपल्या स्वतःच्या निर्णयाची नोंद आहे. पहिल्यात जे खरे ते सांगा, दुसऱ्यात 'बौद्ध' सांगा, आणि पेनने लिहिले गेले की नाही, यंत्रात भरले गेले की नाही, ते डोळ्यांनी पाहून घ्या.

आणि आडनाव? ते सांगते की आपली माणसे कोठे राहिली, कोणत्या नदीचे पाणी प्याली, कोणाच्या शेजारी नांदली. आपण कोण व्हावे हे ते सांगू शकत नाही. ते ठरविण्याचा अधिकार आपणांला संविधानाने दिला आहे, आणि ते कसे ठरवावे याचा मार्ग धम्माने दाखविला आहे.

जय भीम. भवतु सब्ब मंगलम्.